स्मरणिकेत खदान का नाही?



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काही जणांना राग येणार आहे, तेही आधीच सांगून ठेवतो. सत्तरी उलटून गेल्यावर आता कोणाकोणाची मनं सांभाळत बसू?

या पानावर आपण सगळे महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी घरांच्या आठवणी लिहितो. इंदूरचे वाडे आणि सराफ्यातली खादाडी झाली. ग्वाल्हेरचं गाणं झालं. बडोद्याचे सयाजीराव महाराज तर किती वेळा झाले. हैदराबादची विवेकवर्धिनी, बेळगावची वाचनालयं, गोव्यातली उत्सवी नाटकं, सगळं झालं. मी सगळं वाचतो आणि आवडीनं वाचतो. पण कोळशाच्या खदानीवरचं मराठी घर इथे नीट आलेलं मी एकदाही वाचलं नाही. येतं तेव्हा असं येतं: "आमचे आजोबा परासियाला मोठ्या हुद्द्यावर होते, बंगला होता, क्लबात गणपती बसायचा." संपलं. जणू बंगल्याच्या फाटकापलीकडे माणसंच राहत नव्हती.

आता निमित्त सांगतो. आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाची स्मरणिका निघते आहे. मंडळाचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, कारण ही सवय सगळ्याच मंडळांची आहे. मी त्यांना आठ पानांचा लेख पाठवला. खदानीच्या क्वार्टरांमध्ये बायका एकमेकींना जे सांगायच्या, ते आठवेल तसं लिहिलं होतं. लेख परत आला. सोबत दोन ओळी: "खदानीतल्या लोकांचं जीवन हा आपला विषय नाही. शिवाय भाषा शुद्ध करून द्यावी." स्मरणिकेचे विषय कळवले होते: संस्थापक, अध्यक्षांची परंपरा, नाटकं, गुणवंत विद्यार्थी, परदेशी गेलेली मुलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. खदानीवरच्या घरांमध्ये रोज सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी हाच आमच्या भागातल्या मराठी माणसांचा खरा इतिहास आहे. आपण पांढरपेशे लोक तो लाजेपोटी गाळत आलो आहोत, आणि आता सांगणारी माणसंच जात आहेत.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. छिंदवाडा जिल्ह्यात पेंच आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत दगडी कोळसा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खदानी निघाल्या. परासिया, चांदामेटा, न्यूटन चिखली, जुन्नारदेव, दमुआ ही त्या पट्ट्यातली गावं. जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे कारकून, मास्तर, कंपाउंडर, ओव्हरमन म्हणून नागपूर-वर्ध्याकडची मराठी माणसं तिकडे गेली. पण वर ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा खाली उतरणारे कितीतरी जास्त. त्यांत गोंड होते, विदर्भातली दलित कुटुंबं होती, छत्तीसगडचे होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भरती करून आणलेले गोरखपूरकडचे मजूर होते. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. १९७३ला खदानींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ला वेस्टर्न कोलफील्ड्स निघाली, तिचं हेडऑफिस नागपूर. राज्य तुटलं, तरी आमच्या खदानीची फाईल नागपूरलाच जात राहिली.

आता सरकारी कागदात या माणसांचं काय उरतं ते बघा. टनांचा हिशोब उरतो आणि मेलेल्यांचा. १० डिसेंबर १९५४, न्यूटन चिखली, खदानीत पाणी शिरलं, ६३ ठार. मोठ्या अपघातांच्या यादीत एवढी एक ओळ. मी जन्मभर बँकेत आकडे मांडले, आकड्याची किंमत मला कळते. पण त्या ओळीतून त्या दिवशी घरांत काय झालं ते कळत नाही.

घरांत जे झालं ते मला कळलं ते बत्तीघरामुळे. माझे वडील बत्तीघरात बाबू होते. बत्तीघर म्हणजे खाली उतरणाऱ्याला दिवा देण्याची खोली. प्रत्येक दिव्याला नंबर. पाळी संपली की दिवा परत जागेवर. आई सांगायची, भोंगा अवेळी वाजला की बायका आधी खदानीच्या तोंडाशी धावायच्या नाहीत, बत्तीघराकडे धावायच्या. किती जागा रिकाम्या आहेत ते मोजायचं, आणि आपल्या माणसाच्या नंबरची जागा बघायची. अक्षर न येणाऱ्या बाईलाही नवऱ्याच्या दिव्याचा नंबर पाठ. वडील म्हणायचे, "नंबर विचारणाऱ्या बाईकडे वर बघायचं धाडस मला कधी झालं नाही." हे कुठल्याही अहवालात सापडणार नाही. हे आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं गेलं, डाळ निवडताना.

लोकांना वाटतं खदानीची गोष्ट म्हणजे अपघाताची गोष्ट. यात सिनेमाचाही हात आहे. चासनाल्याला २७ डिसेंबर १९७५ला ३७५ माणसं गेली, त्यावरून पुढे १९७९ला "काला पत्थर" निघाला. सिनेमा मीही पाहिला, टाळ्याही वाजवल्या. पण खदानीवर आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस काही पाणी फुटत नाही. बाकीचे दिवस कसे जातात?

बाकीचे दिवस भोंग्यावर जातात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. एकाच खोलीत रातपाळीचा माणूस दुपारी झोपलेला, म्हणून पोरं बाहेर, भांडी हळू, शेजारच्या घरचा रेडिओ बंद. ज्या आठवड्यात बापाची रातपाळी, त्या आठवड्यात पोरांना बाप दिसायचा तो झोपलेलाच. घरी कोळसा मिळायचा, चुरा आणि शेण कालवून गोळे थापायचे, ते वाळवायचे. संध्याकाळी सगळ्या ओळीतल्या सिगड्या एकदम पेटायच्या आणि धुरानं समोरची ओळ दिसायची नाही. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी. खालून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा, कारण गुळानं छातीतली धूळ निघते अशी समजूत. मग पाणी, मग बोलणं. पहिल्या पाण्याआधी बायको एक शब्द विचारायची नाही.

निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, हे तर सगळ्याच मराठी घरांत आहे. आपल्याकडे ती रीत आहे, तोंडाला सवय आहे. खदानीवर तो शब्द ऐकून घेतला जायचा. एखादा चुकून "जातो" म्हणाला तर त्याला परत बोलावून बसवायचे, दोन घोट पाणी पाजायचे आणि नव्यानं निघायला लावायचे. मग पाळीला उशीर होऊन हाजरी कापली गेली तरी चालेल.

आणि गोष्टी! संध्याकाळी सिगडीभोवती, नळाच्या रांगेत, गोळे थापताना. छत कसं बोलतं याची गोष्ट: खाली लाकडी टेके लावलेले असतात, वरचा भार सरकला की ते आधी करकरतात. काठीनं छत ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर बरं, पोकळ आला तर मागे फिरायचं. "लाकूड सांगते बाप्पा, माणूस ऐकत नाही," असं आमच्या ओळीतले एक आबाजी म्हणायचे. लहान पोरांना वाटायचं ही भुताची गोष्ट आहे. सोळा-सतराव्या वर्षी त्यातलंच एखादं पोर खाली गेलं की त्याला कळायचं की आबाजींनी आपल्याला काय शिकवून ठेवलंय. सेफ्टीची पत्रकं इंग्रजीत आणि हिंदीत लागायची. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी गोष्ट हेच पत्रक होतं.

आता बायकांकडे येतो, कारण माझा मुख्य राग इथे आहे.

आपल्या स्मरणिकांमधली बाई हळदीकुंकवाची असते. आमच्याकडे अशा म्हाताऱ्या होत्या ज्या स्वतः खाली उतरल्या होत्या, टोपल्यांनी कोळसा वाहिला होता. बायकांनी खदानीत उतरणं १९२९च्या नियमांनी टप्प्याटप्प्यानं बंद होत गेलं. १९४३ला युद्धासाठी कोळसा कमी पडू लागला तशी ती बंदी सरकारनं उठवली, मध्य प्रांतातही उठवली, आणि १९४६ला पुन्हा लावली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. डिसेंबर १९४३मध्ये ते स्वतः धनबादच्या खदानी बघायला गेले होते. खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, ही बाजू त्यांनी कायदेमंडळात मांडली. १९४४ला खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला तोही त्याच काळात. आपल्या किती मराठी मंडळांना हे माहीत आहे? आमच्या मागच्या ओळीतल्या बौद्ध घरांमधल्या आज्यांना माहीत होतं. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला आमची अर्धी ओळ रिकामी झाली होती, पाळीवर माणसं मिळेनात, असं आई सांगायची. मंडळाच्या इतिहासात त्या वर्षी फक्त कोणतं नाटक बसवलं ते आहे.

पुढे कोळसा कंपन्यांत बायकांसाठी स्वेच्छानिवृत्तीची एक खास योजना आली. आईनं नोकरी सोडायची आणि त्या जागी मुलानं लागायचं. कागदावर राजीखुशीचा मामला. पण घरात काय व्हायचं? जिच्या पगारावर घर चाललं तिला मुलगा, सून, जावई, सगळे मिळून रोज समजावायचे. शेवटी ती सही करायची. महिना संपला की मुलाच्या हातात पगार, आणि आईच्या हातात मुलगा देईल तेवढं. २०१९ला सरकारनं बायकांना पुन्हा खाली उतरायची परवानगी दिली तेव्हा पेपरांत फोटो आले, "इतिहासात प्रथमच" असं काय काय छापलं. प्रथमच? आमच्या ओळीतल्या म्हाताऱ्या हसल्या असत्या. पण त्यांची गोष्ट कोणी लिहूनच ठेवली नाही, तर पेपरवाल्यांना तरी काय बोल लावायचा?

बँकेतलं एक सांगतो. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे खदानींचं झालं, आणि पगार बँकेतून व्हायला लागले. मी कॉमर्सचा पदवीधर, माझी बदली फिरून फिरून कोळसापट्ट्यातच. पगाराच्या दिवशी सावकार दारात उभा, हातात पासबुकांचा गठ्ठा, रबर लावलेला. अंगठेवाल्या खातेदाराला स्वतः काउंटरवर यावं लागतं हा नियम, म्हणून सावकार माणसालाच धरून आणायचा. पैसे मी त्याच्या हातात द्यायचे, आणि पायरीवर ते दुसऱ्याच्या खिशात जायचे. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. व्हाउचर बरोबर, शिल्लक बरोबर.

एकदा एक तरुण विधवा आली. नवरा खदानीत गेलेला, त्याचे पैसे जमा व्हायचे होते. सोबत सासरा आणि दीर. दीर म्हणाला, जॉइंट खातं उघडा, तिला काय कळते. ती तोपर्यंत गप्प होती. एकदम म्हणाली, "खातं माझ्या एकटीच्या नावानं उघडा जी. आणि पोराचे पैसे वेगळे ठेवा, तो मोठा झाल्याशिवाय कोणाले निघाले नाही पाहिजे." दोघंही चपापले. मी विचारलं, बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "नळावर सांगतात ना जी." तिच्या ओळीतली कोणी बाई दिराबरोबरच्या जॉइंट खात्यात लुटली गेली होती, आणि ती गोष्ट पाच-सात वर्षं नळाच्या रांगेत फिरत होती. कोणी नवीन सून आली की तिला ऐकवली जायची. माझ्या बँकेनं कितीतरी मेळावे घेतले, पोस्टर लावले. त्या सगळ्यांनी मिळून जे झालं नसतं ते नळावरच्या गोष्टीनं केलं. पैसे वाचले, पोराचं शिक्षण झालं.

म्हणून कोणी मला "बायकांच्या गप्पा" म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या गप्पा म्हणजे त्यांचा कायदा, त्यांची बँक, त्यांची सेफ्टी, सगळं एकाच ठिकाणी.

आता आक्षेप घेतो. मला तोंडावर आणि फोनवर ऐकवलेले आहेत, मनचे नाहीत.

पहिला: "ती माणसं आपली नव्हती." आपली म्हणजे कोण? ज्यांच्या मुलांबरोबर आपण शाळेत गेलो, ज्यांनी आपल्या घरचे गोळे थापले, ज्यांच्या मजुरीवर आपल्या वडिलांची कारकुनी चालली, ती आपली नव्हती? आणि त्यांतली अर्धी तर मराठीच बोलायची. त्यांचं मराठी मंडळाच्या सभासदवहीत आलं नाही, कारण वर्गणीची वही त्यांच्या ओळीपर्यंत कधी नेलीच नाही.

दुसरा: "दुःख कशाला उगाळायचं?" मी वर जे लिहिलं त्यात दुःख किती आणि हुशारी किती, तुम्हीच मोजा. गणपतीत आमच्या ओळीत गोंड बायांची गाणी, गोरखपूरवाल्यांची ढोलक आणि आमची आरती एकाच मांडवात व्हायची. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी पोरांना मशिनींना हात लावू द्यायचे. एका काकांची कोंबडी पगाराच्या दिवशी हटकून हरवायची आणि दोन घरं सोडून रश्श्याचा वास यायचा, त्यावरून वीस वर्षं भांडण चाललं. हेही लिहायचं आहे. खदानीची घरं रडत बसलेली नव्हती.

तिसरा: "भाषा अशुद्ध आहे." चानक, टब, लोडर, हाजरी, बत्तीघर, हप्ता, सरदार. हे शब्द काढून मी खदान लिहू कशी? "खदान" हाच शब्द संपादकांनी "खाण" करून मागितला होता. आमच्या घरात कोणीही, बाबूही नाही आणि मजूरही नाही, "खाणीत चाललो" असं म्हटलं नाही. तुमची पुण्याची खाण तुम्हाला लखलाभ. आमची खदानच आहे. आणि बडोदेकरांच्या मराठीत गुजराती शब्द आला की आपण कौतुक करतो, गोव्याच्या मराठीत कोंकणी आली की गोड म्हणतो. मग मजुराच्या तोंडची हिंदी-गोंडी मिसळली की ती अशुद्ध कशी होते?

चौथा, जरा शिकलेल्या मंडळींचा: "कोळशाचं युग संपलं, आता सोलर." संपू द्या. बऱ्याच जुन्या खदानी बंद झाल्यात, कितीतरी क्वार्टरं पडकी झालीत, माणसं नागपूर, भोपाळ, पुण्याला मुलांकडे गेलीत. म्हणून तर घाई आहे. खदान बंद झाली की कंपनीचे कागद कुठेतरी कपाटात जातात, पण नळावरची गोष्ट कोणत्या कपाटात जाणार?

अजून एक. आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात इंग्रजी घेतलं. डी. एच. लॉरेन्स शिकले. नॉटिंगहॅमशायरच्या एका खाणकामगाराचा मुलगा, बाप काळा होऊन घरी यायचा, आई त्याच्यावर चिडायची, ते सगळं १९१३च्या "सन्स अँड लव्हर्स"मध्ये आलं आणि आपण त्याला थोर साहित्य म्हणून पेपरात उत्तरं लिहिली. म्हणजे इंग्रज खाणकामगाराच्या घरातलं भांडण साहित्य, आणि चांदामेट्याच्या खदानकामगाराच्या घरातलं भांडण "आपला विषय नाही". बंगालीत शैलजानंद मुखोपाध्यायांनी शंभर वर्षांपूर्वी कोळसापट्ट्यातल्या मजुरांवर कथा लिहिल्या. गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले. आमच्या पट्ट्याला कवी मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत निदान नातवंडांनी आजीचं बोलणं वहीत उतरवायला काय हरकत आहे?

मी काय मागतो ते स्पष्ट लिहितो, म्हणजे नंतर गैरसमज नको.

मंडळांनी स्मरणिकेची दहा पानं खदानीवरच्या घरांना द्यावीत. अध्यक्षांचे फोटो थोडे लहान छापा, पानं निघतील. लेख फक्त बंगल्यातल्यांकडून मागवू नका. मागच्या ओळीतली माणसं कुठे गेली ते शोधा, त्यांच्याकडे जा, चहा घ्या, ऐका. त्यांची भाषा आहे तशी छापा. हे होत नाही तोवर माझी देणगी मी दिलेली नाही आणि देणार नाही, हे मी खजिनदारांना लेखी कळवलं आहे.

आणि तुम्ही, जे हे वाचत आहात, तुमच्या घरात खदानीवर राहिलेली एखादी म्हातारी अजून असेल तर आजच तिच्याजवळ बसा. "तुझ्या आठवणी सांग" असं म्हणू नका, ती म्हणेल मले काय आठवते. विचारा: आबाजींच्या दिव्याचा नंबर काय होता? भोंगा अवेळी वाजला तेव्हा तू कुठे होतीस? हप्त्याचे पैसे कोणाच्या हातात यायचे? नळावर काय बोलायच्या? फोनवर रेकॉर्ड करा. बोलताना ती मध्येच हिंदीत गेली तर जाऊ द्या.

मी माझी आठ पानं एक शब्दही न बदलता इथेच टाकणार आहे, रोज एक. खाली कॉमेंटमध्ये तुमच्या घरातल्या लिहा. परासिया, जुन्नारदेव, दमुआ, पाथाखेडा, बल्लारपूर, वणी, उमरेड, कोत्तागुडेम, जिथल्या असतील तिथल्या. गाव आणि खदानीचं नाव लिहायला विसरू नका. संपादकांना टॅग करायचं असेल तर ते मात्र तुमचं तुम्ही बघा.